ईव्हीए फोमचा चारआईना : कडा दातेरी, रंगाला भेगा – नेमकं कुठे चुकतंय?

विंगेतला

नमस्कार मंडळी,

ऐतिहासिक नाटकातल्या एका सरदाराच्या वेषासाठी चारआईना, म्हणजे चार पत्र्यांचं चिलखत, ईव्हीए फोमचा करायला घेतला आहे. छातीचा एक, पाठीचा एक आणि दोन बगलांचे दोन असे चार पत्रे, आत सुती अंगरखा. नटाची छाती अंगरख्यावरून १०० सेंमी. प्रयोगाला अडीच आठवडे आहेत. पहिला प्रयत्न फसला आहे, म्हणून काय काय वापरलं ते सगळं देतो.

फोम : लहान मुलांच्या खोलीत अंथरतात त्या एकमेकांत अडकणाऱ्या चटया, ६० × ६० सेंमी, जाडी १० मिमी, एक बाजू खरखरीत.
कापणी : ९ मिमीचा कटर, एकाच दमात आरपार.
जोड : ग्लू गन.
सीलिंग (रंगाआधी फोमची छिद्रं बंद करणं) : पांढरा गम आणि पाणी निम्मे-निम्मे, दोन हात. त्याआधी कडा ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासल्या.
रंग : चंदेरी इनॅमलचा स्प्रे, थेट गमवर.

झालं असं : कडा दातेरी आल्या आणि उभी कड सरळ न येता मधे आत गेली. गम सपाट भागावर नीट बसला, कडांनी मात्र तो पिऊन टाकला आणि तिथे अजून जाळी दिसते. छातीचा पत्रा अंगावर बांधताना वाकवला की रंगाला केसासारख्या भेगा पडतात; पहिल्या तालमीनंतर खांद्याजवळ पापुद्रे सुटले. उन्हात उभ्या गाडीत ठेवल्यावर किनारीची पट्टीही निघाली.

हीट गन हाताशी आहे, पण अजून वापरलेली नाही. आहे त्यातलं काही वाचवता येईल का? आणि नव्याने करायचं तर कोणत्या क्रमाने?

---

पातं

क्रमावर बाकीचे लिहितीलच, मी फोम आणि कापणीपुरतं लिहितो.

आधी चटई खरोखर ईव्हीएची आहे का ते बघा. २० × २० सेंमीचा तुकडा कापून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. १० मिमी जाडीला ४० ग्रॅमच्या आसपास भरला, तर घनता १०० किलो प्रति घनमीटर धरते आणि तो कामाचा आहे. २५ ग्रॅमच्या खाली आला तर फोम फुसका आहे. तो कापताना चुरगळतो, गरम केला की भसकन आकसतो आणि त्याची भोकं इतकी मोठी असतात की कितीही हात मारले तरी कड गुळगुळीत होत नाही.

दुसरी परीक्षा नखाची. कोपऱ्यावर नख दाबून सोडा. ईव्हीए परत वर येतो. खळगा तसाच राहिला आणि आतले फुगे डोळ्यांना दिसत असतील, तर तो पॅकिंगचा ईपीई फोम आहे. त्यावर रबरी सोल्यूशन, म्हणजे फोम जोडायचा रबरी गम, नीट धरत नाही. थर्माकोल तर सोल्यूशनमध्ये विरघळतोच. जुनी योगा मॅट कापायचा मोहही टाळा, कारण त्यातल्या पुष्कळशा पीव्हीसीच्या असतात आणि पीव्हीसी जास्त तापलं की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटते.

पुढच्या वेळी चटईऐवजी चपलांच्या सामानाच्या दुकानात ईव्हीए शीट मागा. दोन्ही बाजू गुळगुळीत मिळतात, जाडी हवी ती मिळते. मुंबईत ठक्कर बाप्पा कॉलनीत चपला-बुटांचा मोठा धंदा आहे, तिकडे हे सामान सापडेल. फक्त सोलसाठीचा कडक शीट घेऊ नका. चिमटीत दाबल्यावर थोडा दबला पाहिजे.

आता कड आत का जाते. एका हाताने फोम दाबून धरून दुसऱ्या हाताने कापलं की दाबलेला फोम पसरलेल्या अवस्थेत कापला जातो. हात काढल्यावर तो मूळ जागी परततो आणि कड मधे आत जाते. म्हणून कापायच्या रेषेपासून निदान ७-८ सेंमी लांब, तेही तळव्याने हलकेच धरा. धार चांगली असेल तर दाबायची गरजच पडत नाही.

दाते पडतात ते बोथट पात्यामुळे आणि थांबत-थांबत कापल्यामुळे. ९ मिमीचं पातं या जाडीत लवतं. १८ मिमीचा कटर घ्या, पातं ३-४ सेंमी बाहेर काढा आणि कुलूप लावा. सरळ रेषेला पातं फोमशी साधारण ३० अंशांत आडवं धरून लांब ओढ घ्यायची. पहिली ओढ ३ मिमी खोल, नुसती वाट पाडायला. दुसरी आरपार. हात मागे-पुढे करवतीसारखा चालवायचा नाही. वळणाला उलट करा : पातं जवळजवळ उभं, आणि पात्याऐवजी फोम फिरवायचा. बगलेच्या कमानीसारखं वळण असंच साधतं.

चटयांच्या ईव्हीएमध्ये पुष्कळदा कॅल्शियम कार्बोनेटची भर असते. ती पात्याची धार खाते, म्हणून मऊ वाटणाऱ्या फोमवर पातं इतक्या लवकर जातं. दर दीड-दोन मीटर कापणीनंतर टोक मोडून नवं घ्या. मधल्या वेळात चिनी मातीच्या कपाच्या बुडाला जी बिनचकाकीची खरबरीत कड असते, तिच्यावर पातं दोन्ही बाजूंनी तीन-चार वेळा अलगद ओढा. फरक लगेच कळेल.

चार पत्र्यांची मापं तुमच्या नटासाठी काढून देतो. छाती-पाठ प्रत्येकी २६ × ३० सेंमी, बगला प्रत्येकी १६ × २४ आणि वर ५ सेंमी खोल कमान. रुंदीची बेरीज ८४. फोम गोल वळला की माप त्याच्या जाडीच्या मध्यावरून धरायचं, म्हणजे १० मिमीला घेरात जवळपास ३ सेंमीची भर. १०३ वजा ८४, उरले १९, आणि चार फटींत वाटले तर प्रत्येक फट पावणेपाच सेंमी. तिथे पट्टे आणि बकल येतील. ही फट हवीच. पत्रे कडेला कड लावून बांधले तर हात वर करताना छातीचा पत्रा हनुवटीला लागतो.

हे चारही पत्रे एका चटईत बसतात. वरच्या ओळीत २६ अधिक २६, खालच्या ओळीत दोन्ही बगला. एकूण ५२ × ५४. सांध्याचे दात कापून टाकल्यावरही जागा उरते. म्हणून जुनं खरवडण्यात दिवस घालवू नका, नवीन कापा. जुने पत्रे रंगाच्या चाचणीला ठेवा.

बगलांचा कागदी नमुना एकच असतो, दुसऱ्या वेळी तो उलटा ठेवायचा. प्रत्येक तुकड्याच्या आतल्या अंगावर ‘डावा’, ‘उजवा’ आणि वरच्या दिशेचा बाण पेनाने लिहा. तिरकी कड कापताना सर्वांत जास्त फोम इथेच वाया जातो, दोन्ही तुकडे एकाच बाजूचे होतात.

---

करडा

पातं यांच्या मापांना अनुमोदन. आता सीलिंग, कारण तुमचा मूळ घोटाळा तिथे आहे.

ईव्हीए हा बंद पेशींचा फोम. म्हणजे आतला प्रत्येक फुगा स्वतंत्र, बंद. कारखान्यातून आलेल्या पृष्ठभागावर कातडी असते, म्हणून सपाट भागावर गम बसला. तुम्ही कापलंत आणि त्यावर ८० नंबर फिरवलात, तेव्हा हजारो फुगे उघडे पडले. उघडी वाटी गमने भरत बसण्यापेक्षा तिचं तोंड बंद करायचं असतं, आणि ते काम उष्णतेचं आहे. गम, रबर कोटिंग, काहीही त्यानंतर.

हीट गनच्या दोन पायऱ्या असतील. खालची घ्या, साधारण ३०० ते ३५० अंशांची. तोंड फोमपासून ८-१० सेंमीवर. हात सतत चालता ठेवा, भिंतीला रंग मारल्यासारखा, एका जागी दोन सेकंदांहून जास्त थांबायचं नाही. आधी फोमचा रंग किंचित गडद होतो, मग मॅट पृष्ठभागावर बारीक चमक येते. चमक दिसली की पुढे सरका. ती चमक म्हणजे तोंडं मिटली. कडांवर गन तिरकी धरा. कड पातळ असल्याने तिथे अर्ध्या वेळेत काम होतं आणि तितक्याच लवकर ती जळते. फुगे आले, कड कुरळी झाली किंवा व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर जास्त झालं. तो वास ईव्हीए तुटून निघणाऱ्या ॲसेटिक आम्लाचा. खिडक्या उघड्या ठेवा.

गरम केल्यावर फोम थोडा आकसतो. म्हणून आखणीच्या आधीच पूर्ण चटई दोन्ही बाजूंनी एकदा गरम हवेखालून काढा. खरखरीत बाजूही यात थोडी बसते. थंड झाल्यावर मग नमुना आखा. नाहीतर २६ सेंमीचा पत्रा २६ राहत नाही.

मिटलं की नाही हे कसं ओळखायचं? पातळ केलेल्या गमचा एक थेंब कडेवर ठेवा. मिनिटभर थेंब म्हणून उभा राहिला तर उत्तम. सपाट होऊन आत गेला तर पुन्हा गन.

आणि रंगाच्या भेगांचं मुख्य कारण गमपेक्षा वेगळं आहे. तुम्ही पत्रा सपाट असताना रंगवलात आणि नंतर अंगावर वाकवलात. बाहेरचा पृष्ठभाग ताणला, इनॅमलचा थर ताणत नाही, तो तडकला. पत्रा आधीच शरीराच्या वळणाचा करून ठेवला असता तर अंगावर चढवताना त्याला वाकावंच लागलं नसतं. दोन्ही बाजूंनी गरम करा, फोम लुळा पडला की पाण्याच्या पिंपावर किंवा बादलीवर कापड टाकून त्यावर दाबून धरा, थंड होईपर्यंत, मिनिट-दीड मिनिट. हव्या त्याहून थोडा जास्त वाकवा, कारण तो सुटल्यावर किंचित उघडतो. हातमोजे घाला.

मग कोटिंग. तीन रस्ते आहेत.

पांढरा गम, म्हणजे पीव्हीए, स्वस्त आणि पुरेसा चांगला. पहिला हात दोन भाग गम, एक भाग पाणी. पुढचे तीन हात जवळजवळ दाट, ब्रश सरकण्यापुरतंच पाणी. तुम्ही निम्मं पाणी घातलंत तिथे थर उरलाच नाही. दोन हातांत पाऊण तास, दमट हवेत दोन तास. प्रत्येक हात आधीच्याला काटकोनात. तुमच्या चार पत्र्यांचं क्षेत्रफळ एक चौरस मीटरच्या पाव भागाहूनही थोडं कमी आहे, चार हातांना १०० ते १२५ मिली गम पुरतो. मात्र पीव्हीए पाण्याने पुन्हा मऊ पडतो. नटाच्या घामाने आतली बाजू चिकट होईल, म्हणून आतून गम लावूच नका. तिथे उष्णतेचं सीलिंग पुरे.

दुसरा, रबरी स्प्रे, प्लास्टी डिपसारखा. चार-पाच पातळ हात, अर्ध्या-अर्ध्या तासाने. सर्वांत लवचीक हाच. महाग आहे, सॉल्व्हंटचा वास उग्र, गच्चीवरच मारा. याच्यावर इनॅमल मारू नका, ते कधी कधी वाळतच नाही, चिकट राहतं.

तिसरा, रबर लेटेक्स. मुखवट्यांसाठी वापरतात तो. लवचीक आहे, पण साधा ॲक्रिलिक रंग त्यावरून सोलून निघतो आणि काही लोकांना लेटेक्सची ॲलर्जी असते. अंगावर घालायच्या वस्तूला मी तो सुचवणार नाही.

चौथीही गोष्ट लोक वापरतात, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं कोटिंग. त्याबद्दल माझं मत बरं नाही. जाड बसतं, नक्षी भरून टाकतं.

---

पातं

वॉटरप्रूफिंगच्या कोटिंगबद्दल थोडा मतभेद. ॲक्रिलिक इलास्टोमेरिक कोटिंग गच्चीच्या भेगांबरोबर ताणावं म्हणूनच बनवलेलं असतं, म्हणजे लवचीकपणा त्यात आहेच, आणि पीव्हीएसारखं घामाने विरघळत नाही. डब्यावर ‘फायबर’ लिहिलेलं घेऊ नये, त्यातले धागे पृष्ठभागावर उभे राहतात. दहा टक्के पाणी घालून स्पंजने दोन पातळ हात, ब्रशने नव्हे. नक्षी असलेल्या भागावर ते लावू नका हे करडा यांचं म्हणणं मात्र मान्य. आणि ते वाळूनही किंचित चिकट राहतं, त्यामुळे वर रंगाचा थर हवाच, नाहीतर धूळ धरतं.

---

सांधेजोड

ग्लू गनची पट्टी गाडीत सुटणारच. तो गम उष्णतेनेच वितळतो आणि बंद गाडीत उन्हात तो मऊ पडण्याइतकं तापमान होतं. शिवाय त्याचा सांधा जाड असतो, रंगाखालून दिसतो. झटपट चिकटणारा सुपरग्लूही नको : सांधा काचेसारखा कडक होतो आणि वाकवला की फोमसकट फाटतो. आधाराला एखादा ठिपका ठीक.

यासाठी रबरी कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्ह हवं, सनमायका लावणारे सुतार वापरतात ते. फेविकॉल एसआर ९९८ कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. दोन्ही पृष्ठभागांवर पातळ थर, फोमच्याच तुकड्याच्या पट्टीने ओढून. कापलेली कड पहिला थर पिते, म्हणून तिथे पाच मिनिटांनी दुसरा. मग थांबायचं. बोट लावल्यावर तार येत नाही, नुसतं चिकटल्यासारखं वाटतं, ही वेळ. कोरड्या हवेत ८ ते १२ मिनिटं. ओलं असताना चिकटवलंत तर सॉल्व्हंट आत अडकतो आणि सांधा दुसऱ्या दिवशीही सरकतो. लोक सर्वांत जास्त इथेच घाई करतात.

पावसाळ्यात एक गोष्ट लक्षात ठेवा. सॉल्व्हंट उडताना गमचा थर थंड पडतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं, पांढुरकी झाक येते. ती झाक असताना जोडलेला सांधा नंतर उलगडतो. झाक उडेपर्यंत वाट पाहा, २० मिनिटंसुद्धा लागतील. घाई असेल तर हेअर ड्रायर कामाला येईल, पण दुसऱ्या खोलीत नेऊन, डबा बंद करून, थरातला सॉल्व्हंट उडून गेल्यावर. या गमची वाफ पेटते. हीट गन आणि उघडा डबा एका खोलीत कधीच नकोत. देवघरात दिवा लावलेला असेल तर काम गच्चीवर न्या.

चिकटवताना दोन्ही टोकं आधी जुळवा, मग मध्य, मग उरलेला भाग. एका टोकापासून सुरू केलंत तर ताण साचत जातो आणि शेवटी अर्धा सेंमी पट्टी उरते. हा गम एकदा टेकला की हलवता येत नाही.

तिरक्या कडा : किनारीची पट्टी पत्र्याच्या कडेवर काटकोनात बसवायची असेल तर दोन्ही तुकडे ४५ अंशांत. पुठ्ठ्याचा ४५ अंशांचा त्रिकोण कापून त्याच्या कलत्या कडेला पातं टेकवत ओढा, हात एकसारखा राहतो.

सांध्यातल्या बारीक फटी ॲक्रिलिक सीलंटने भरा, ओल्या बोटाने पुसून. सिलिकॉन सीलंट नको, त्यावर कोणताही रंग धरत नाही. सांध्याबाहेर सांडलेला रबरी गम तसाच ठेवला तर रंगाखाली पिवळट डाग दिसतो. वाळल्यावर अंगठ्याने चोळा, गोळ्या होऊन निघतो.

आणि सर्वांत महत्त्वाचं : वळण देणं जोडण्याआधी. जोडल्यावर सांध्यावर गन धरली तर हाच गम मऊ होऊन उघडतो.

---

विंगेतला

मनापासून आभार, हे सगळं लिहून घेतलं. चटईचा २० × २० तुकडा ३७ ग्रॅम भरला, नखाची खूण राहत नाही. तर नवीन चटई कापतो.

तीन शंका. सांधे घासायचे असतील तर घासल्यावर पुन्हा पेशी उघडणार आणि गन सांध्यावर चालत नाही, मग काय करायचं? पत्र्यावर वेलबुट्टीची नक्षी हवी आहे, ती कशी? आणि दिग्दर्शकांना पोलाद दिसायला हवं आहे, चांदी नको.

---

करडा

घासल्यानंतर : सांध्यावरून गन खालच्या पायरीवर, १५ सेंमी अंतरावरून, झरझर दोनदा फिरवा. वितळवायचं नाही, उभे राहिलेले तंतू आत घ्यायचे आहेत. तेवढ्याने सांधा उघडत नाही. उरलेलं काम पांढऱ्या गमच्या पहिल्या पातळ हातावर सोडा. आणि घासायचंच तर १२० ने सुरू करून २४० वर थांबा. ८० नंबर फोम घासत नाही, उपटतो. रोटरी टूल वापरणार असाल तर गती कमी ठेवा; जास्त गतीला फोम वितळून ड्रमला चिकटतो. ती धूळ फार बारीक असते, एन९५ मास्क लावा.

नक्षी दोन प्रकारे होते. उठावाची हवी तर स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा २ मिमीचा रंगीत फोम शीट घ्या, वेल कापून रबरी गमने चिकटवा. बारीक वळणांना कटर सोडून सर्जिकल ब्लेड चालवा. खोदीव हवी तर पत्रा गरम करण्याआधी कटरच्या टोकाने २-३ मिमी खोल रेघ मारा आणि तीवरून गन फिरवा. रेघ आपोआप इंग्रजी व्हीसारखी उघडते. उघडली की थांबा, कारण जास्त गरम केलं तर ती पसरून ओघळ होतो. वळण देणं, रेघा उघडणं आणि सीलिंग हे तिन्ही एकाच गरम करण्यात बसवता येतं, हात बसल्यावर.

खऱ्या चारआईन्यांवर सोन्याच्या कोफ्तगरीची किनार पुष्कळदा दिसते, म्हणजे पोलाद खरवडून त्यात सोन्याची तार ठोकलेली. तेव्हा वेल मधोमध पसरवू नका. ३ सेंमीच्या किनारीत बसवा आणि मध्य मोकळा ठेवा. फारसीत चारआईना म्हणजे चार आरसे. मधला भाग लखलखीत दिसला तरच नावाला अर्थ.

पोलादासाठी चंदेरीची सुरुवात काळ्यापासून करा. इनॅमल पूर्ण बाजूला ठेवा. फेविक्रिलसारख्या ॲक्रिलिक काळ्याचे दोन हात, मॅट. पूर्ण वाळल्यावर चंदेरी ॲक्रिलिकमध्ये चिमूटभर काळा मिसळा, जाड ब्रशवर थोडासाच घ्या, तो आधी जुन्या कापडावर जवळजवळ कोरडा पुसा आणि मग पत्र्यावर एकाच दिशेने ओढा. उठावाच्या भागांना रंग लागतो, खोलगट भाग काळे राहतात. त्यावर ग्रॅफाइटची पूड, कुलपांत घालतात ती, सुती चिंधीने जोर देऊन चोळा. रंगापेक्षा ही पूड जास्त धातू दाखवते. मग पाण्यात पातळ केलेला काळा-तपकिरी रंग खाचांत सोडून वरचा लगेच पुसा. सोन्याची किनार सर्वांत शेवटी.

वरून पाण्यावर आधारलेलं ॲक्रिलिक वार्निश, सॅटिन. एकच पातळ हात. दोन दिले की ग्रॅफाइटची झळाळी मरते. लाकडाचं लॅकर नको, ते पुन्हा कडक आणि पुन्हा भेगा. खालून वरपर्यंत एकही थर फोमपेक्षा कडक असता कामा नये, एवढं पाहिलं की तुमची मूळ तक्रार संपते.

---

ढालतलवार

सीलिंगवर भर घालण्यासारखं काही नाही, पण नाटकासाठी आहे म्हणून दोन-तीन गोष्टी.

प्रसंग कोणता आहे ते पाहा. १६५९ च्या प्रतापगडाच्या भेटीसारखा प्रसंग असेल तर चिलखत अंगरख्याच्या आत असतं, वर दिसतच नाही. चारआईना उघड्या लढाईतल्या सरदाराला शोभतो, आणि तो नुसत्या सुती कपड्यावर न घालता कड्यांच्या जाळीच्या चिलखतावर घालायचा. ती जाळी जाड सुताच्या सैल विणकामावर काळा, मग चंदेरीचा कोरडा ब्रश मारून छान भासते. बाह्या आणि मांडीपर्यंतचा घेर एवढाच विणला तरी चालेल, पत्र्यांखालचं कोणाला दिसत नाही.

ढालही लागेल. ४५ सेंमी व्यासाची तबकडी १० मिमी फोमची, दोन्ही बाजूंनी नीट गरम करून केटररच्या मोठ्या कढईवर, कढई उपडी ठेवून, दाबा. मध्य ताणून पातळ होतो, म्हणून मध्यापेक्षा कडेचा भाग जास्त गरम करा. ढालीवरच्या चार घुमट्यांसाठी ८ सेंमीच्या चकत्या उपड्या वाटीवर दाबायच्या. घुमट्या नुसती शोभा नव्हे : मागच्या मुठीच्या पट्ट्यांच्या कड्या पकडणारे रिबिट त्यांच्याखाली असतात. तुम्हीही तिथूनच पट्टे बांधा, म्हणजे भोकं झाकली जातात.

---

सांधेजोड

पट्ट्यांवरून आठवलं, कारण फोमचा पत्रा बहुतेक वेळा फाटतो तो तिथेच. फोमला थेट रिबिट मारला तर दुसऱ्या-तिसऱ्या प्रयोगाला तो फोम चिरत बाहेर येतो. आतून ४ × ४ सेंमीचा रेक्झीनचा तुकडा रबरी गमने चिकटवा, रिबिट त्यातून काढा आणि दोन्ही बाजूंना वॉशर घाला. भोक कडेपासून किमान २ सेंमी आत. भोक कटरने पाडू नका, त्याला कोपरा राहतो आणि चीर तिथून पुढे पळते. चामड्याला मारतात तो पंच वापरा, किंवा लोखंडी नळीचं टोक घासून धारदार करा आणि फिरवत दाबा.

पट्टे रेक्झीनचे, २.५ सेंमी रुंद, बॅगा दुरुस्त करणाऱ्यांकडे बकलसकट मिळतात. उजव्या बगलेचे दोन पट्टे बकलचे खरे ठेवा. डाव्या बगलेचे कायमचे शिवून टाका आणि खांद्यांच्या बकलांखाली वेल्क्रो लपवा. नटाला दोन अंकांच्या मधे अर्ध्या मिनिटात उतरवता आलं पाहिजे. फोम हवा जाऊ देत नाही, तेव्हा आत सुती बंडी द्या आणि मोकळ्या वेळात बगला उघड्या सोडा.

या चार पत्र्यांचा फोम पाव किलोचाही भरणार नाही, त्यामुळे नट वळला की ते फडफडतात आणि पोलादाचा भास जातो. कमरेच्या शेल्याखालून छातीच्या आणि पाठीच्या पत्र्याची खालची कड बांधून घ्या.

रंगकाम प्रयोगाच्या निदान चार दिवस आधी संपवा. ॲक्रिलिक हाताला तासाभरात कोरडं लागतं, पण आतून पूर्ण वाळायला दिवस लागतात. पत्रे ठेवताना प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका आणि रंगीत बाजू एकमेकींवर टेकवू नका, उकाड्यात चिकटून रंग उचलला जातो. मधे मलमलीचं कापड घाला, आणि पत्रे आडवे रचण्यापेक्षा वळणाच्या बाजूने उभे ठेवा.